पांढरे मोजे आणि पाच गिनी
सुरांमागची माणसं : लेखांक ५

१ मे १७६१ या तारखेचा एक नोकरीचा करार आहे. एकोणतीस वर्षांच्या एका तरुणाला त्यात बजावलं आहे, की मालकांसमोर येताना पांढरे मोजे, पांढरे स्वच्छ कपडे, केसांना पावडर आणि मागे शेंडीसारखी बांधलेली वेणी, असं सगळं जागच्या जागी हवं. रोज बाहेरच्या दालनात हजर व्हायचं आणि आज संगीत होणार आहे का, याची विचारणा करून थांबायचं. वाद्यांची निगा ठेवायची, वादकांची आपसातली भांडणं मिटवायची. मालक सांगतील ते लिहायचं, आणि लिहिलेलं सगळं मालकांचं. त्याची नक्कल बाहेर जाता कामा नये आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी एक ओळही लिहायची नाही. या सगळ्याबद्दल वर्षाला ४०० गुल्डन.

मालक होते प्रिन्स पाउल अँटन एस्टरहाझी, हंगेरीतल्या सर्वांत धनाढ्य घराण्याचे प्रमुख. तरुण होता योझेफ हायडन.

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की इटालियन ऑपेराचा पडदा उघडण्याआधी वाजणारे तीन छोटे तुकडे हळूहळू ऑपेरापासून सुटे झाले आणि त्यांची चार भागांची सिंफनी झाली. तो आकार हायडनच्या हाती आला तेव्हा नवाच होता. त्यात त्यानं क्रमांक लागलेल्या १०४ रचना केल्या. या ओळीनं ऐकल्या की एका माणसाची प्रगती कळते, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते खोटं नाही. पण मला त्यांत प्रगतीपेक्षा दुसरंच काही ऐकू येतं: हे संगीत वाजलं ती खोली केवढी होती, आणि समोर कोण बसलं होतं.

कराराची भाषा आज आपल्याला अपमानाची वाटते. हायडनला ती तशी वाटली असेल असं मला वाटत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवरच्या रोहराउ गावात गाड्यांची चाकं बनवणाऱ्याचा हा मुलगा. आई लग्नाआधी तिथल्या जहागीरदाराच्या घरी स्वयंपाकीण होती. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये तो लहानपणी गात होता. आवाज फुटला तसा रस्त्यावर आला. पुढची काही वर्षं शिकवण्या आणि पडेल ते काम करत माळ्यावरच्या खोलीत काढली. अशा माणसाला पक्का पगार, वर हाताखाली पंधराएक तयारीचे वादक म्हणजे चैनच होती.

त्या वादकांना त्यानं पहिल्याच वर्षी कसं जिंकलं पाहा. ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’ अशा नावांच्या तीन सिंफन्या त्यानं लिहिल्या (क्रमांक ६, ७ आणि ८). त्यांत प्रत्येकाला एकट्यानं चमकण्याची जागा आहे. व्हायोलिन आणि बासरीला आहेच, पण चेलोला, बसूनला, अगदी मागच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या डबल बासवाल्यालाही. नवा साहेब आल्या आल्या शिपायापर्यंत सगळ्यांची नावं पाठ करतो, तसा हा प्रकार. प्रिन्सलाही कळलं की आपण पगार देतो ती माणसं काय ताकदीची आहेत. खोली लहान, वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ऐकणारा घरचा मालक आणि त्याचे पाहुणे. अशा जागी बारीकसारीक गोष्टही वाया जात नाही.

पाउल अँटन वर्षभरातच वारले. गादीवर आलेले त्यांचे भाऊ निकोलाउस हे संगीताचे वेडे होते आणि स्वतः बारिटोन नावाचं, आता जवळपास विसरलं गेलेलं तंतुवाद्य वाजवत. हायडननं केवळ त्यांच्या हौसेसाठी या वाद्याची सव्वाशे त्रिकुटं लिहिली. दुसरं वेड बांधकामाचं. नॉयझीडल सरोवराजवळच्या हंगेरियन दलदलीत निकोलाउस यांनी एस्टरहाझा नावाचा राजवाडा उभारला. १७६८मध्ये तिथं ऑपेराचं नाट्यगृह उघडलं. पुढे कठपुतळ्यांचंही आलं. उन्हाळा तिथं काढायचा, असं ठरलेलं. पण प्रिन्सचा उन्हाळा दर वर्षी लांबत चालला.

वादकांची बायकामुलं मात्र मागे, घराण्याच्या नेहमीच्या मुक्कामी, आइझेनश्टाटला. १७७२च्या जानेवारीत हुकूम निघाला, की संगीतकारांच्या बायकामुलांनी चोवीस तासांसाठीसुद्धा एस्टरहाझात दिसता कामा नये. यातून मोजक्यांना सूट होती. त्यांत हायडन होता आणि पहिला व्हायोलिनवादक लुइजी तोमासिनी. त्या वर्षी मुक्काम फारच लांबला, तेव्हा बाकीचे वादक गाऱ्हाणं घेऊन हायडनकडे आले. ‘पापा’ म्हणायचे त्याला. अर्ज करून उपयोग नव्हता. मालकाला थेट बोलणं तर शक्यच नव्हतं.

मग त्यानं ४५वी सिंफनी लिहिली. पट्टी निवडली एफ शार्प मायनर. ही सिंफनीसाठी इतकी आडवळणाची, की हॉर्नवाल्यांकडे त्या पट्टीचं सामानच नव्हतं. तेव्हाच्या हॉर्नला झडपा नसत. पट्टी बदलायची तर नळीचा वेगळा तुकडा जोडावा लागे. तो मुद्दाम बनवून घेतला. बिल अर्थात मालकाच्याच खजिन्यातून.

शेवटचा भाग धावत सुटतो आणि मध्येच थबकतो. मग एक संथ चाल सुरू होते. तिच्यात पहिला ओबोवाला आणि दुसरा हॉर्नवाला आपापली ओळ वाजवतात, समोरची मेणबत्ती विझवतात आणि वाद्य उचलून निघून जातात. मग बसून, मग उरलेला ओबो आणि हॉर्न. डबल बास एक लांबलचक निरोप घेऊन जातो. पाठोपाठ चेलो. अंधार वाढत जातो. शेवटी दोन व्हायोलिनं तेवढी उरतात, तीही आवाज दबवलेली. हायडनच्या पहिल्या चरित्रकारांनी सांगितलं आहे, की प्रिन्स काय ते समजले आणि दुसऱ्याच दिवशी निघायची तयारी झाली. उरलेल्या दोन व्हायोलिनांवर तोमासिनी आणि स्वतः हायडन होते, असं सांगतात. ते तसं असेल तर मागे राहिले ते दोघे नेमके सूट मिळालेल्यांपैकी होते. ज्यांना घरची ओढ होती ते सगळे आधीच दाराबाहेर.

मी ही सिंफनी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकली होती. शेवटाकडे आवाज बारीक होत गेला तसा मी उठून टेपरेकॉर्डरचे सेल बदलले. गोष्ट नंतर कळली. ही रचना नुसती कानांसाठी नाहीच. ज्याच्या एका शब्दावर वीस संसार अडकलेत अशा एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर ती घडायला हवी. तिकीट काढून आलेल्या हजार लोकांसमोर ती फक्त गंमत होते. गाऱ्हाणं होत नाही.

म्हातारपणी हायडननं या दिवसांबद्दल सांगितलं होतं, की जगापासून तुटलेला असल्यानं प्रयोग करून पाहता आले, त्रास द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे वेगळं होण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. हे खरंच, पण पूर्ण नव्हे. जगापासून माणूस तुटला होता, संगीत नव्हतं. करारात काहीही लिहिलेलं असो, नकला हातोहात बाहेर जात होत्या. १७६४मध्येच पॅरिसच्या प्रकाशकांनी हायडन छापायला घेतला. नाव खपतंय म्हटल्यावर भलत्यांच्याच रचना त्याच्या नावावर निघू लागल्या. मूळ माल बनवणाऱ्याला त्यातून छदामही मिळत नव्हता. १७७९च्या नव्या करारातून ते मालकीचं कलम गेलं आणि हायडननं बाजार शिकायला फार वेळ लावला नाही. पुढे पॅरिसकरांसाठी लिहिलेल्या सिंफन्या त्यानं व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकालाही विकल्या आणि लंडनच्या फॉर्स्टरलाही. दोघांची समजूत अशी, की हक्क आपल्या एकट्याचे. संतपणाची जी साय त्याच्या चित्रांवर चढवलेली असते ती मला म्हणूनच कधी पटत नाही. माणूस हिशेबी होता, आणि का नसावा?

पॅरिसच्या त्या सहा सिंफन्या (८२ ते ८७) फ्रीमेसन मंडळींच्या एका संगीतसंस्थेनं मागवल्या, प्रत्येकी २५ सोन्याची लुई नाणी देऊन. तिथला वाद्यवृंद प्रचंड. तेव्हाच्या वर्णनांत चाळीस व्हायोलिनं आणि दहा डबल बास येतात. अंगात आकाशी कोट, कमरेला तलवार. हायडन तिथं गेला नाही. पण एस्टरहाझाच्या वीसबावीस माणसांसाठी लिहिणाऱ्या हातानं पॅरिससाठी लिहिताना ठळक, रुंद रेघा मारलेल्या ऐकू येतात. यातली ८५वी राणी मारी आंत्वानेत हिची आवडती म्हणून ‘राणी’ या नावानं छापली गेली. पाचसहा वर्षांतच अशी नावं तिथं कुणी मुखपृष्ठावर घातली नसती.

२८ सप्टेंबर १७९० रोजी निकोलाउस वारले. वारस अँटन यांना संगीताची आवड नव्हती. त्यांनी वाद्यवृंद मोडीत काढला आणि हायडनला निवृत्तिवेतनावर मोकळं केलं. तो व्हिएन्नाला येऊन स्थिरावतोय तोच दारात एक अनोळखी माणूस उभा. हा योहान पेटर सालोमॉन: जन्मानं बॉनचा, पेशानं व्हायोलिनवादक, लंडनमध्ये मैफलींचा ठेकेदार. आपण न्यायलाच आलो आहोत, असं त्यानं सरळ सांगितलं. १५ डिसेंबरला दोघे निघाले आणि १ जानेवारी १७९१ रोजी हायडननं इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. वय अठ्ठावन्न. समुद्र त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

लंडनची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या घरात. एवढा पैसा युरोपात दुसऱ्या कुठल्या शहरात खेळत नव्हता. त्यात बंगालच्या महसुलाचाही वाटा होता. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला त्याच शहरात, त्याच वर्षांत चालू होता. या पैशाला आता करमणूक हवी होती. हॅनोव्हर स्क्वेअरमधल्या सभागृहात सालोमॉननं बारा शुक्रवारच्या मैफली लावल्या. सगळ्यांची मिळून वर्गणी पाच गिनी. मजुराच्या आवाक्यातला हा आकडा नव्हे. पण ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याला इथं खुर्ची मिळे, मग त्याचे आजोबा कोण होते याची चौकशी नाही. सरदार आणि व्यापारी एका रांगेत. आणि एस्टरहाझात कधीच नसलेली गोष्ट इथं होती: यातल्या कुणालाही हे आवडलं नाही, तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या मैफलीची वर्गणी भरू शकत होता.

म्हणून लंडनच्या बारा सिंफन्यांची सुरुवात लक्ष देऊन ऐकावी. त्यांतल्या अकरांना संथ, गंभीर प्रस्तावना आहे. एकटी ९५वी तेवढी तशी नाही. ती आल्या आल्या पाच जोरकस स्वर आपटते. प्रिन्स स्थानापन्न झाल्याशिवाय एस्टरहाझात कुणी गज उचलत नसे. लंडनमध्ये लोक जेवून उशिरा येत, आले की बोलत, एकमेकांचे कपडे पाहत. हायडनची नवी सिंफनी ठेवायची ती उत्तरार्धाच्या सुरुवातीला, तीही याचसाठी. त्या प्रस्तावना आपल्याकडच्या आलापीसारख्या सूर रुजवत नाहीत. दाराशी उभ्या माणसाला बसवून घेतात.

आवडलं की मात्र लोक हातचं राखून ठेवत नसत. संथ भागांना वन्समोअर पडत. मराठी नाटकवाल्यांना हे समजावून सांगायला नको. ‘हायडन, हायडन’ करत लोक पुढे येत. त्यांना तो पाहायचा असे. तो पियानोशी बसलेला असे आणि ९८व्या सिंफनीच्या अखेरीला त्यानं स्वतःसाठी पियानोची एक इवलीशी जागा ठेवली आहे. सगळा वाद्यवृंद थांबून म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघतोय, असा तो क्षण. १७९५मध्ये १०२वी वाजली तेव्हा लोक असेच पुढे सरकले आणि मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर छताचं झुंबर कोसळलं. कुणाला फारसं लागलं नाही. ‘चमत्कार’ हे नाव त्यावरून पडलं, पण कसं कोण जाणे, ९६व्या सिंफनीला जाऊन चिकटलं ते आजतागायत.

स्पर्धाही होती. समोरच्या संस्थेनं १७९२मध्ये प्लेयेलला आणून उभं केलं. हा हायडनचाच जुना शिष्य. वर्तमानपत्रांना आयतं खाद्य. गुरुशिष्य मात्र एकत्र जेवत आणि एकमेकांच्या मैफलींना जात. २३ मार्च १७९२ रोजी हायडननं ९४वी वाजवली. तिच्या संथ भागात शाळकरी मुलाला गुणगुणता येईल अशी चाल येते. मग तीच पुन्हा, अजून हळू. आणि संपता संपता टिंपनीसकट सगळा वाद्यवृंद एकच दणका देतो. झोपलेल्या बायकांना जागं करायला तो घातला, ही कथा सगळीकडे सापडते. हायडननं ती नाकारली होती: काहीतरी नवं देऊन छाप पाडायची होती, प्लेयेल वरचढ ठरायला नको होता. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा रंजक आहे. त्या दणक्यामागे बाजार आहे.

१७९४मधल्या शंभराव्या सिंफनीत त्रिकोणी घंटा, झांजा आणि मोठा ढोल येतात. तुर्की लष्करी वाद्यांचा हा थाट युरोपात तेव्हा ओळखीचा होता. संथ भागाच्या शेवटाला एकटा तुतारीवाला इशारा देतो, टिंपनी दुरून घुमत येते आणि सगळं एकदम अंगावर कोसळतं. इंग्लंड वर्षभर फ्रान्सशी लढत होतं. खुर्च्यांवर बसलेल्या अनेकांची मुलं आणि भाऊ सैन्यात असणार. वन्समोअर या भागालाही मिळाला.

४ मे १७९५च्या रात्री किंग्ज थिएटरात हायडनच्या स्वतःच्या फायद्याची मैफल झाली. तीत १०४वी वाजली. रात्रीची कमाई ४,००० गुल्डन. पांढऱ्या मोज्यांच्या त्या करारातल्या पगारानं हिशेब केला, तर दहा वर्षांची. असं फक्त इंग्लंडातच होऊ शकतं, अशी नोंद त्यानं वहीत केली आहे.

मग तो परतला. एस्टरहाझींच्या गादीवर आणखी एक निकोलाउस आले होते आणि त्यांना हवी होती राणीसाहेबांच्या नामदिनासाठी प्रार्थनासंगीतं. हायडननं १८०२पर्यंत तशी सहा लिहिली. ‘सृष्टी’ नावाचं भव्य गायनकाव्य याच काळातलं. प्रतिभा आटली नव्हती, उलट ऐन भरात होती. पण १०५वी सिंफनी त्याच्याकडे कुणी मागितली नाही आणि न मागता सिंफनी लिहायची सवय त्याला नव्हती. व्हिएन्नात हॅनोव्हर स्क्वेअरसारखी सोय नव्हती. नाटकं बंद असलेल्या उपवासाच्या दिवसांत एखादी सरकारी रंगशाळा भाड्यानं मिळवावी, असाच शिरस्ता.

२ एप्रिल १८०० रोजी हायडनच्या एका जुन्या शिष्यानं तशी एक रंगशाळा मिळवली. कार्यक्रमात मोझार्टची एक सिंफनी होती, हायडनच्या ‘सृष्टी’तली दोन गाणी होती आणि शेवटी शिष्याची स्वतःची पहिली सिंफनी. या बेटोफेनकडे आपण पुढच्या आठवड्यात जाऊ. त्याला ना मालक होता, ना सालोमॉन. तिकिटं बेटोफेनकडे त्याच्या बिऱ्हाडी मिळतील, असं जाहिरातीत छापलं होतं. खाली गल्लीचं नाव, घराचा नंबर आणि मजला.