उशाखालची पुरचुंडी

‘देव मानत नाही, मग चोरी का करत नाहीस?’ आपल्याकडे नास्तिकाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. मराठीत त्याचे उत्तर शोधणे १८८८ साली ‘सुधारक’ निघाला तेव्हापासून तरी चालू आहे.

‘सुधारक’ हे पत्र काढणारे गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेले. पोथीत आहे म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही, ती बुद्धीला पटली पाहिजे आणि माणसाच्या सुखात भर घालणारी हवी, असे ते मांडत. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेले आगरकर जून १८९५ मध्ये गेले, तेव्हा वय होते अवघे ३८. उशाखाली एक पुरचुंडी सापडली म्हणतात: स्वतःच्या अंत्यसंस्काराच्या खर्चापुरते पैसे. परलोक न मानणाऱ्या माणसाला आपल्या सरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये, एवढी काळजी! मला त्यांच्या निबंधांपेक्षा ही पुरचुंडी अधिक बोलकी वाटते.

१९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि नीतीचे सोवळेच सोडवले. ज्यात कुणाचे नुकसान नाही, ते अनीतीचे कसे, हा त्यांचा सवाल. या मासिकावरच्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, पण मासिक चालूच राहिले.

एक तक्रार मात्र करावीशी वाटते. आपल्या बुद्धिवाद्यांची बरीच शाई भोंदूगिरी खोडण्यात गेली. नीती येते कुठून, यावर त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. ठळक अपवाद दि. य. देशपांडे यांचा. तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाने १९९० मध्ये नागपुरातून ‘नवा सुधारक’ (पुढे ‘आजचा सुधारक’) सुरू केला आणि विवेकवादाची चिकाटीने मांडणी केली. देवाने सांगितले म्हणून ते चांगले, की चांगले आहे म्हणून देवाने सांगितले? प्लेटोच्या ‘युथिफ्रो’तला हा पेच ज्याला पडला, त्याला देव मानूनही नीतीचा विचार स्वतःच करावा लागतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तर देव मानणाऱ्यांनाही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत सोबत घेतले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. देव मानणे किंवा न मानणे हा त्यात गुन्हा नाही. शिक्षा आहे ती फसवणुकीला आणि अघोरी कृत्यांना.