रेघेतून करंडा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या आजीचा कुंकवाचा एक लाकडी करंडा आहे. हेदूच्या लाकडाचा, लाखेचे तांबडे-पिवळे पट्टे असलेला. माझे आजोबा कातारी. तरुणपणी त्यांनी तो कातला आणि तो कातताना दोरी आजीने ओढली. त्या वेळी आमच्या वाडीत वीज नव्हती. एकाने दोरी ओढून लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवायचे आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. लाकूड धारेवर चालून येते तेव्हाच ते कापले जाते. उलटे फिरू लागले की हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. ओढणारा आणि धरणारा यांचा ताल चुकला, तर आकार बिघडलाच म्हणून समजावे.

दोन वर्षांपूर्वी या करंड्याचे झाकण हरवले. आजीने वर वाटी उपडी घालून काम चालवले. आजोबांचे हात आता कापतात. माझा चुलतभाऊ विजेच्या लेथवर काम करतो, पण तो दुकानदार मागतील तेच नमुने काढतो. त्याला विचारले, तर म्हणाला, “माप आणून दे, झाकण करून देतो.” आता जी वस्तू घरातच नाही, तिचे माप द्यायचे कसे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. “बी. ए. करून तू काय बनवणार?” असे मला घरी अनेकदा विचारले गेले आहे. घरात सगळेच हातांनी काहीतरी बनवणारे, म्हणून तो प्रश्न टोचत असे. गेल्या वर्षी आपल्या संगणक कक्षात मी ‘ब्लेंडर’ ही प्रणाली शिकले. तिच्यात वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही मिती असलेली प्रतिकृती करता येते. टोन रोसेंदाल या डच गृहस्थांनी ती सुरू केली. २००२ साली लोकांनी वर्गणीतून एक लाख युरो उभे केले आणि ती सर्वांसाठी मुक्त झाली. तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही, ही गोष्ट आमच्यासारख्यांना लहान नाही. करंड्याचे माप या वाटेने मिळेल, असे मला वाटले. ते कसे मिळाले आणि कोठे चुकले, हे येथे सांगते.

प्रथम तत्त्व पाहू. कातलेली कोणतीही वस्तू घ्या : लाटणे, रवी, पाळण्याचा खांब, भोवरा. तिच्या मधोमध एक सरळ काठी आहे अशी कल्पना करा. हा तिचा आस. आसावरून उभा छेद घेतला, तर दोन सारखे अर्धे भाग मिळतात. त्यातल्या एका बाजूची कडेची रेघ घ्या आणि ती आसाभोवती पूर्ण फिरवा, की सबंध वस्तू तयार होते. म्हणजे सगळा आकार त्या अर्ध्या रेघेत साठवलेला असतो. लेथवर लाकूड फिरते आणि पटाशी ती रेघ काढते. संगणकात लाकूड नसते, म्हणून रेघच फिरते. एवढाच काय तो फरक.

ही दृष्टी संगणकाने आणलेली नाही. इटलीतील फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात पंधराव्या शतकातील एका पेल्याचे रेखाचित्र आहे. ते पाओलो उच्चेल्लो या चित्रकाराचे मानले जाते. सबंध पेला बारीक रेषांच्या जाळ्याने काढलेला आहे, जणू तारांचा पिंजराच. आजच्या संगणकाच्या पडद्यावर अर्धवट प्रतिकृती अशीच दिसते. अलीकडचे उदाहरण चहाच्या किटलीचे. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी १९७५ साली आपल्या घरातील किटलीचा आकार संगणकात उतरवला. तिची प्रतिकृती पुढे जगभरच्या संशोधकांनी वापरली आणि खरी किटली आज कॅलिफोर्नियाच्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. घरातली साधी वस्तू निवडण्यात कमीपणा नाही, हे मला त्यावरून कळले.

आता कृती. करंडा टेबलावर ठेवून दर चार मिलिमीटर उंचीवर त्याची जाडी कॅलिपरने मोजली. त्या प्रत्येक मापाची निमपट म्हणजे आसापासूनचे अंतर. पोटाशी जाडी ७२ मिलिमीटर, म्हणून अंतर ३६. काठाशी जाडी ५८, म्हणून अंतर २९. अशी अंतरे आणि उंच्या यांची यादी वहीत तयार झाली. पडद्यावर समोरचे दृश्य घेऊन, त्या यादीप्रमाणे एकेक बिंदू मांडत गेले आणि बिंदू जोडत रेघ ओढली. करंडा पोकळ असतो, म्हणून ही रेघ तळाच्या मध्यापासून निघून बाहेरून वर चढते, काठावरून वळते आणि आतून खाली उतरून पुन्हा आसाशी येते. आजोबांना हे दाखवले, तर त्यांनी मान डोलावली. तेही आधी बाहेरची बाजू कातत आणि मग पोट कोरत.

यानंतर रेघेला ‘स्क्रू’ नावाची क्रिया जोडायची, उभा आस निवडायचा आणि फेरा ३६० अंशांचा ठेवायचा. क्षणात करंडा उभा राहतो.

पण माझा पहिला करंडा फसला. त्याच्या तळाला भोक होते. पाहते तो रेघेचा पहिला बिंदू आसावर नसून अर्धा मिलिमीटर बाजूला होता. बिंदू आसाला टेकला नाही, तर त्याचेही वर्तुळ होते आणि ते वर्तुळ म्हणजेच भोक. दुसऱ्या खेपेस करंडा कोनाकोनांचा दिसू लागला. याचे कारण असे की संगणक खरे वर्तुळ काढत नाही. तो रेघ ठरावीक पावलांनी फिरवतो आणि मधल्या जागा सपाट पत्र्यांनी भरतो. सोळा पावले ठेवली, तर पोटाशी खऱ्या वर्तुळापासून सुमारे ०.७ मिलिमीटरची तूट येते. चौसष्ट ठेवली, तर तीच तूट ०.०५ मिलिमीटरच्या आत जाते. चित्रासाठी पहिली चालेल. ज्यावर झाकण बसवायचे त्याला चालणार नाही.

झाकणाचा आकार मिळाला तो आत्याच्या लग्नातल्या एका फोटोवरून. हळदीकुंकवाच्या ताटात करंडा झाकणासह आहे आणि फोटो जवळजवळ समोरून घेतलेला आहे. करंड्याची खरी उंची ठाऊक होती, तेव्हा त्या प्रमाणाने झाकणाची उंची काढली. फोटो पडद्यावर मागे ठेवून झाकणाची अर्धी रेघ गिरवली आणि फिरवली. बोंडाचा बाक मात्र मला साधेना. आजोबा शेजारी बसून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “बोंड चिमटीत धरूचा असता. मान बारीक कर.” मानेचे दोन बिंदू मी आत ओढले आणि बोंड एकदम ओळखीचे दिसू लागले.

झाकणाची रेघ मूळ आकारात कागदावर छापली, पुठ्ठ्यावर डकवून कापली आणि भावाकडे दिली. काठाची जाडी ५८, म्हणून झाकणाची आतली रुंदी जेमतेम तेवढीच ठेवली होती. झाकण तयार होऊन आले, दिसायला सुरेख. पण करंड्यावर चढेना. एका बाजूने अडके, दुसऱ्या बाजूला फट राही.

पुन्हा कॅलिपर घेतला. काठ एका दिशेने ५८ मिलिमीटर भरला. करंडा काटकोनात फिरवून मोजला, तर ५७. करंडा गोल नव्हताच! मी प्रत्येक ठिकाणी एकदाच माप घेतले होते. अर्धी रेघ फिरवली की झाले, हे इतके पटले होते, की दुसऱ्या दिशेने मोजण्याची गरजच वाटली नाही.

आजोबांना याचे काहीच आश्चर्य वाटले नाही. “गो बाय, तोडला म्हणान लाकूड मरणा नाय. ता सुकता, आकसता,” असे म्हणून त्यांनी करंड्याच्या तळावरची वलये दाखवली. लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. वलयांच्या कडेकडेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे आकसते आणि उभ्या लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून करंड्याची उंची तशीच राहिली आणि गोल मात्र किंचित लांबट झाला. जुन्या झाकणावर आणि करंड्यावर आजोबांनी एकेक बारीक खूण केलेली असे. खुणेला खूण लावून झाकण ठेवले, की दोन्हींचे लांबट अंग एकाच दिशेला येई. आजी ते झाकण नेहमी थोडे फिरवून का बसवत असे, हे मला तेव्हा उमगले.

संगणकात हा लांबटपणा आणणे अवघड नाही. प्रतिकृती एका दिशेने ०.९८ पट केली, की काम झाले. परंतु लेथवर लांबट झाकण कातता येत नाही. तेथे जे निघते ते गोलच. शेवटी आजोबांनी सांगितले तसे केले. मुरलेले लाकूड घेतले, आतली रुंदी ५८.५ ठेवली आणि झाकणाची कड पातळ केली. भावाने फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पट्टा उमटला आणि केवड्याच्या पानाने तो चकचकीत केला. आजीने झाकण लावून पाहिले, हलवून पाहिले. “हलता, पण बसता,” ती म्हणाली, आणि वाटी उचलून मोरीत नेऊन ठेवली.

माझ्या प्रतिकृतीत आता दोन करंडे आहेत. एक लेथवरून उतरला त्या दिवशीचा, पुरता गोल; दुसरा आज घरात आहे तो. पहिला मला रेघेने दिला, दुसरा मोजल्याशिवाय मिळाला नसता.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा वस्तू असतील : झाकण नसलेला डबा, एक खांब मोडलेला पाळणा, मूठ गेलेली रवी. ज्याने ती बनवली तो माणूस असेतोवर तिची रेघ काढून ठेवावी, एवढी विनंती आहे. संगणक कक्षात मी गुरुवारी दुपारी असते. येताना वस्तू घेऊन यावे आणि घरी मोजणार असाल, तर प्रत्येक माप दोन दिशांनी घ्यावे.