तारापूरची राख कोणाची?

कोळसा जाळणाऱ्या वीज केंद्राची राख लपत नाही. एकलहऱ्याच्या केंद्राची राख नाशिककरांना डोळ्यांनी दिसते आणि तिच्याविषयी तक्रारही करता येते. अणुवीज केंद्राची राख मात्र पाण्याच्या खोल हौदात, जाड भिंतींआड पडून असते. ती दिसत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही. त्र्यंबकेश्वर-जव्हारच्या वाटेने घाट उतरला की पालघर जिल्हा लागतो आणि त्याच्या किनाऱ्यावर तारापूर आहे. तेथील वापरलेल्या इंधनाचा प्रश्न हा आपल्या शेजारचा प्रश्न आहे, आणि तो आरंभापासूनच आंतरराष्ट्रीयही आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या सहकार्याने उभ्या राहिल्या व 1969 मध्ये त्यांची वीज मिळू लागली. 1963 च्या करारान्वये तीस वर्षे इंधन पुरविण्याची हमी अमेरिकेने दिली होती. 1974 चा पोखरणचा स्फोट आणि 1978 चा अमेरिकन अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा यांमुळे ती हमी डळमळीत झाली. 1982 च्या तडजोडीने फ्रान्स पुढे आला. पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन आले. इंधन कोण देणार, यावर एवढा खल झाला. परंतु जळून उरलेल्या इंधनाचे काय करावयाचे, यावर एकमत झालेच नाही. त्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचा आपला हक्क आहे असे भारत म्हणत राहिला, अमेरिकेने संमती दिली नाही, आणि ते परतही नेले नाही. 1993 मध्ये करार संपला, पण हौदातले इंधन संपले नाही. देण्याच्या वेळी जो सहकारी असतो, तो निस्तरण्याच्या वेळीही सहकारी असतोच असे नाही, हा तारापूरचा धडा आहे.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे की, भारताच्या दृष्टीने वापरलेले इंधन हा कचरा नसून संपत्ती आहे. डॉ. होमी भाभांनी आखलेल्या त्रिस्तरीय कार्यक्रमात त्यातून प्लुटोनियम वेगळे काढून पुन्हा वापरावयाचे आहे. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. पुनर्प्रक्रियेनंतरही अतितीव्र किरणोत्सारी द्रव उरतोच. तो काचेत गोठवून पोलादी डब्यांत भरला जातो आणि हे डबे हवेने थंड राहतील अशा कोठारांत ठेवले जातात. अशी व्यवस्था तारापूरलाही आहे. परंतु कोठार म्हणजे विसावा. शेवटचा मुक्काम नव्हे. तो मुक्काम जमिनीच्या पोटातच शोधावा लागेल.

कारण प्रश्न काळाचा आहे. प्लुटोनियमचे अर्धे तेज ओसरण्यास सुमारे 24 हजार वर्षे लागतात. हा काळ कळण्यासाठी नाशिककराने पांडवलेण्यांकडे पाहावे. उषवदाताने तेथील एका लेखात आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली आहे. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. व्याजातून भिक्षूंना चीवरे मिळावीत आणि मुद्दल कधी मोडू नये, अशी योजना होती. आज त्या श्रेणी नाहीत, ते भिक्षू नाहीत, ती लिपीही पंडितांवाचून कोणास वाचता येत नाही. खडक मात्र जागेवर आहे. अवघ्या दोन सहस्रकांत संस्थांची ही गत होत असेल, तर पहारेकरी, कुलपे आणि शासकीय खाती यांच्या भरवशावर हजारो वर्षांची राख सोपविणे शहाणपणाचे नाही. माणसाची स्मृती पुसली गेली तरी जो टिकेल, अशा खडकावरच भिस्त ठेवली पाहिजे.

जगाने हा मार्ग कोठवर गाठला आहे? फिनलंडने ओल्किलुओतो येथे चारशे मीटरहून खोल, पुरातन खडकात ‘ओंकालो’ नावाचे कोठार खोदले आहे. तांब्याच्या नळकांड्यात इंधन, भोवती बेंटोनाइट माती, त्याभोवती खडक, अशी ती रचना. मूळ पद्धत शेजारच्या स्वीडनची. त्याच स्वीडनमधील स्ट्रिपा या जुन्या लोहखाणीत अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी 1980 नंतर एकत्र प्रयोग केले होते. महत्त्वाची गोष्ट अशी की, फिनलंडच्या कायद्यात स्थानिक नगरपालिकेला नकाराचा अधिकार आहे. युराजोकीच्या पालिकेने होकार दिल्यानंतरच काम पुढे सरकले. याउलट अमेरिकेने 1987 मध्ये कायद्याने यक्का पर्वत एकट्या नेवाडावर लादला, आणि त्या राज्याच्या विरोधापुढे ती योजना रखडली.

आपल्याकडेही आरंभ झाला होता. 1980 च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, उष्णतेचा खडकावर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयोग भाभा अणुसंशोधन केंद्राने केला. आपल्या पायाखालचा सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र भेगाळ आणि थराथरांचा. त्याच्या सांध्यांतून पाणी वाहते, म्हणून तर आपल्या विहिरींना झरे आहेत. योग्य खडक कोठे आहे, हे भूगर्भशास्त्रानेच ठरवावे.

तेव्हा सहकार्य कशाचे असावे आणि कशाचे नसावे, हे स्पष्ट असले पाहिजे. ज्ञान, मोजमापे, प्रयोगशाळा आणि एकमेकांच्या कामाची परखड तपासणी यांत सहकार्य अवश्य हवे. खडकाला राष्ट्रीयत्व नसते. पण श्रीमंत देशांनी आपला कचरा गरीब देशांच्या भूमीत पुरावा आणि त्यास सहकार्य म्हणावे, हे मान्य होण्यासारखे नाही. फिनलंडने 1994 मध्ये कायदा करून आण्विक कचऱ्याची आयात व निर्यात दोन्ही बंद केली. ज्याने वीज वापरली त्याने राख सांभाळावी, हा न्याय त्यामागे आहे.

हाच न्याय देशाच्या आतही लागू होतो. तारापूरच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांनी घरे सोडली; वीज मात्र दूरच्या शहरांत उजळली. उद्या कोठाराची जागा निवडताना पुन्हा अशाच एखाद्या गावाला निर्णय झाल्यावर कळविले जाणार असेल, तर तो कोणत्याही खडकाने झाकला न जाणारा अन्याय ठरेल. अणुशक्ती खात्याने साठे, खर्च आणि जागांचे निकष लोकांसमोर मांडावेत, आणि गावाला नाही म्हणण्याचा हक्क कायद्याने द्यावा. विजेचे दिवे आपण लावले आहेत. राखेची विल्हेवाट नातवंडांवर सोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.