कठड्यापाशी सगळे, कारभारात कोण?

पुण्याच्या सामाजिक इतिहासात १८७३ हे साल ठळक आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवलं, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलं होतं. त्याच वर्षी पुण्यातच एका अमेरिकन पाळकाच्या धर्मसभेला सरकारी मोजणी खात्यातला एक तरुण गेला. डॅनियल फॉक्स हे त्या मेथडिस्ट पाळकाचं नाव, आणि विल्यम ओल्डहॅम हे त्या तरुणाचं. विशी अजून गाठायची होती, जन्म बंगळूरचा.

त्या सभेने ओल्डहॅमच्या आयुष्याची दिशा बदलली. नोकरी सोडून तो अमेरिकेत शिकला. १८८५ साली सिंगापूरला जाऊन त्याने तिथली मेथडिस्ट मंडळी उभी केली, आणि दुसऱ्या वर्षी तेरा विद्यार्थ्यांवर अँग्लो-चायनीज स्कूल सुरू केलं. आज ती सिंगापूरच्या नामवंत शाळांपैकी एक आहे. १९०४ साली तो बिशप झाला. त्याची पत्नी मेरी तर जन्माने पुण्याचीच. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर ‘ओल्डहॅम मेथडिस्ट चर्च’ अशी पाटी दिसते, ते नाव याच माणसाचं.

ओल्डहॅमसारख्यांसाठी ही सभा इतकी महत्त्वाची का ठरली, हे कळायला तेव्हाचं लष्कर, म्हणजे कॅम्प, डोळ्यांपुढे आणावं लागतं. विलायतेतून आलेला साहेब, अंमलदार, पलटणीचे गोरे शिपाई यांची सरकारी चर्चं होती, पगारी चॅप्लेन होते. मिशनऱ्यांच्या शाळा आणि वस्त्या ‘नेटिव्हां’साठी होत्या. या दोहोंच्या मधे एक मोठा वर्ग लोंबकळत होता. तो इथेच जन्मलेला होता, इंग्रजी बोलणारा होता. कुणाचं रक्त मिश्र, कुणाचं नाही. पण साहेबाच्या लेखी सगळेच हलके. रेल्वे, तार, मोजणी अशा खात्यांत ही माणसं राबत. गावातले लोक त्यांना साहेबाचे म्हणत आणि साहेब त्यांना आपलं म्हणत नसे.

फॉक्सच्या आधी विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रचारक १८७१च्या अखेरीस मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी पुण्याला पोचला. आधी त्याने अमेरिकन मराठी मिशनच्या सोबतीने मराठी लोकांपुढे बोलून पाहिलं. मराठी येत नव्हतं, दुभाष्यामार्फत बोलणं चाले, आणि ते फारसं रुजलं नाही. हाक ऐकली ती या मधल्या वर्गाने. टेलरने परदेशातून पगार घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. मंडळी स्थानिक, तिचा खर्चही स्थानिक. ज्यांना कुठेच मान नव्हता, त्यांच्या हाती अचानक आपली मंडळी आली. ते तिचे वर्गणीदार झाले, पुढारी झाले, आणि ओल्डहॅमसारखा एखादा थेट बिशपपदापर्यंत गेला. माणसाला आत घेणं आणि त्याच्या हाती कारभार देणं, या दोन्ही गोष्टी इथे एकत्र घडल्या. मराठी बोलणारा पुणेकर मात्र त्या वर्तुळाबाहेरच राहिला. मराठी मंडळ्या पुढे उभ्या राहिल्या.

मेथडिस्ट पंथाच्या मुळाशीच आत घेण्याची आणि बाहेर ठेवण्याची ही दुहेरी कथा आहे. पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला इंग्लंडमधल्या चर्चची व्यासपीठं बंद होऊ लागली, तेव्हा १७३९ साली ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडला तो उघड्यावर खाणकामगारांपुढे उभा राहिला. त्याने सभासदांचे बारा-बारांच्या आसपासचे ‘क्लास’ पाडले आणि त्यांचं पुढारीपण कारागिरांना दिलं, बायकांनाही दिलं. १७७४ साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली. प्रभुभोजनाच्या वेळी मेथडिस्ट चर्चमध्ये वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी लोक ओळीने गुडघे टेकतात. शेजारी कोण येईल हे कुणी ठरवत नाही; खांद्याला खांदा लागतो, आणि एकाच हाताने सगळ्यांना भाकर मिळते. शिवाशिवीच्या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या पाणी वरून ओतून घेतलेल्यांना सांगायला नको.

पण याच पंथाच्या अमेरिकेतल्या वारसांनी, फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये, प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या काळ्या सभासदांना ओढून उठवलं. त्यातल्या रिचर्ड अ‍ॅलनने पुढे वेगळी वाट धरली आणि १८१६ साली काळ्या मेथडिस्टांचं स्वतंत्र चर्च उभं राहिलं. १८४४ साली गुलाम बाळगणाऱ्या एका बिशपवरून अख्खं अमेरिकन मेथडिस्ट चर्च दुभंगलं. ते पुन्हा एक झालं १९३९ साली, तेव्हाही काळ्या मंडळ्यांसाठी चर्चच्या आतच वेगळा विभाग काढला गेला, आणि तो १९६८पर्यंत टिकला. जोतीरावांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केलं, त्या अमेरिकेतल्या चर्चची ही दुसरी बाजू होती.

बायकांचंही तेच. मेथडिस्ट स्त्रियांनी १८६९ साली स्वतःची मिशन संस्था काढली आणि भारतात डॉक्टर, शिक्षिका धाडल्या. मिनी अब्रम्स ही अशीच एक सेविका, १८८७ साली मुंबईत आली. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कला त्यांच्या चर्चची सर्वोच्च सभा भरली. तिथे रीतसर निवडून आलेल्या पाच स्त्रियांना केवळ स्त्रिया म्हणून बसू दिलं गेलं नाही. शाळा चालवायला, रोग्यांची सेवा करायला, परदेशात हाडं झिजवायला बाई चालते. ठरावावर हात वर करायला चालत नाही. संपूर्ण पाळकपद स्त्रियांना मिळायला १९५६ उजाडलं.

मिनी अब्रम्स १८९८ साली केडगावला आली आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये काम करू लागली. रमाबाईंचा प्रवास इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण सामावून घेणं हे एका झटक्यात होत नाही हे त्यांच्याइतकं स्पष्ट फार थोड्यांच्या आयुष्यात दिसतं. १८८९ साली मुंबईत उघडलेलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलेलं त्यांचं शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. तिथल्या स्वयंपाकघरात जातीचे नियम पाळले जात. त्या काळच्या पुण्यात विधवेला शिकवणं हेच मोठं बंड होतं, त्यामुळे यात रमाबाईंना दोष द्यायचं कारण नाही. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेला मरायला टेकलेल्या सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. आता जात कुणाची विचारणार? पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या पडल्या. १९००च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. समाजाने ‘वाईट चालीची’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. आंधळ्या आल्या, म्हाताऱ्या आल्या.

आणि त्या नुसत्या आश्रित म्हणून राहिल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना सगळं त्यांच्याच हाती होतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं; अडाणी बाईला वाचता यावं, हा त्यामागचा हेतू. त्या बायबलचे खिळे जुळवले मुक्तीतल्या मुलींनी. जिला अक्षर शिकणं पाप म्हणून सांगितलं होतं, ती पोर कंपोझिंगच्या केसपुढे उभी राहून एकेक खिळा उचलते आहे आणि त्यातून धर्मग्रंथ तयार होतो आहे, हे चित्र मला महाराष्ट्राच्या इतिहासातल्या मोठ्या चित्रांपैकी एक वाटतं.

१९०५ साली मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झालं, त्यात याच मुली टोळ्याटोळ्यांनी गावोगाव जाऊन बोलू लागल्या. मिनी अब्रम्सने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रत चिलीतल्या वाल्पाराइसोला, हूवर या मेथडिस्ट पाळक दांपत्याकडे गेली. हूवरबाई ही मिनीची शिकतानाची मैत्रीण. १९०९ साली वाल्पाराइसोतही तसंच जागरण झालं. तिथे साध्यासुध्या बाया पुढे होऊन बोलायला लागल्या, आणि चिलीतल्या मेथडिस्ट वरिष्ठांना ते खपलं नाही. १९१०मध्ये हूवर बाहेर पडला आणि त्यातून दक्षिण अमेरिकेतलं एक मोठं पेंटेकॉस्टल चर्च जन्माला आलं. त्याचा एक धागा केडगावपर्यंत येतो, हे पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नाही.

जातीच्या प्रश्नाला आपल्याकडच्या चर्चने कसं तोंड दिलं, याचा सगळ्यात कडक हिशेब मागितला तो बाबासाहेबांनी. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा स्वागत करणाऱ्यांत मुंबईचे मेथडिस्ट बिशप बॅडली होते. त्यांच्यानंतर मुंबईत आलेले बिशप पिकेट यांनी तर दलितांच्या सामुदायिक धर्मांतरांचा देशभर अभ्यास करून १९३३ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. दार उघडं होतं, आदराने बोलावणंही होतं. पण १ जानेवारी १९३८ला सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयीचा आदर सांगितला आणि लगेच दोन उणिवा दाखवल्या. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते ही एक. आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे, हक्कांसाठी झगडत नाही, ही दुसरी. जिथे आत जाऊनही जात सुटत नाही, तिथे आपल्या लोकांना न्यायचं कशाला, हा त्यातला प्रश्न आजही उत्तर मागतो.

जातीची ही गाठ किती घट्ट असते ते मेथडिस्ट मिशनरी स्टॅनली जोन्स यांच्या एका आठवणीतून कळतं. कुमाऊंतल्या सातताल आश्रमात ते आठवड्यातून एक दिवस सफाई कामगाराला सुटी देत आणि संडास साफ करण्याचं काम आश्रमवासी करत. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या एकाला त्यांनी विचारलं, तुमची पाळी कधी? त्याने मान हलवली आणि म्हणाला, आपलं धर्मांतर अजून तिथवर पोचलेलं नाही. त्याच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावर पडतं. झाडू हातात घेण्याची वेळ येते तेव्हा काय होतं, तिथे खरी परीक्षा असते.

आणि कायदा? १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद आधी पंजाबातल्या काही शीख जाती सोडता फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीचे मानत होता. १९५६ साली सगळे शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. सरकार म्हणतं, तुमच्या धर्मात जात नाही. चर्चही अनेकदा अभिमानाने तेच म्हणतं. मग सोयरीक जुळवताना ‘मूळचे कुठले, घराणं कोणतं’ ही चौकशी कशासाठी होते? चर्चने आपल्यातली जात उघडपणे कबूल केली, तरच त्याला सरकारपुढे दलित ख्रिस्त्यांची बाजू सरळ मांडता येईल. दोन्हीकडे एकच बोललं पाहिजे.

भारतातलं मेथडिस्ट चर्च जानेवारी १९८१पासून स्वायत्त आहे. १९७०मध्ये नागपूरला इतर पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, तेव्हा या मेथडिस्टांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. स्वायत्ततेमुळे अमेरिकेतले निर्णय इथे आपोआप लागू होत नाहीत. तिथल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली. त्याआधी या मुद्द्यावर हजारो मंडळ्या फुटून गेल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले, तरी चर्चमध्ये यावर मोकळं बोलणं अजून सुरू व्हायचं आहे. एकमत आज होणार नाही, पण घरातल्या मुलाला किंवा मुलीला पाळकांशी बोलायची भीती वाटू नये, एवढं तर आत्ताच करता येईल. जुन्या दगडी चर्चच्या पायऱ्यांना रॅम्प बसवायला तर कुठल्या ठरावाचीही वाट पाहायला नको.

पुण्यातल्या मेथडिस्ट बांधवांना, आणि खरं तर सगळ्याच पंथांच्या मंडळ्यांना, माझी एक विनंती आहे. पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, निवड होईल तेव्हा ओल्डहॅमच्या काळात जसं घडलं, तसं पुन्हा घडू द्या. मराठवाड्यातून, विदर्भातून नुकतं शहरात आलेलं कुटुंब, धुणीभांडी करून दशांश देणारी बाई, काठी टेकत येणारा सभासद यांची नावं सुचवा. हिशेबाची वही त्यांच्या हाती द्या. आणि जो वाचक ख्रिस्ती नाही, त्याने १९५०च्या आदेशाचा तो तिसरा परिच्छेद एकदा वाचावा. तो जेमतेम एका वाक्याचा आहे.