एका आर्चबिशपाचा नकार

राजाज्ञा आणि सदसद्विवेकबुद्धि यांचा विरोध उत्पन्न झाला असतां मनुष्यानें काय करावें, असा प्रश्न इतिहासाच्या तासाला आमचे विद्यार्थी वारंवार विचारतात. कोणी म्हणतो बंड करावें, कोणी म्हणतो मुकाट्यानें ऐकावें. या दोहोंहून निराळा मार्ग इंग्लंडांतील एका धर्माधिकाऱ्यानें दाखविला. त्याची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

इ. स. १५५८ मध्यें एलिझाबेथ राणी गादीवर आली. पुढल्याच वर्षीं पोपची सत्ता झुगारून प्रॉटेस्टंट पंथ राज्याचा धर्म झाला. परंतु बिशपांची परंपरा व पाद्र्यांचा शुभ्र झगा हीं तशींच राहिलीं. सुधारणा अर्ध्यावर थांबली असें ज्यांना वाटलें, त्यांस लोक उपहासानें 'प्युरिटन' म्हणूं लागले. त्यांपैकीं बहुतेकांस मंडळी सोडावयाची नव्हती. ती आंतूनच शुद्ध व्हावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

त्या काळीं उपदेश करण्यास समर्थ असे पाद्री फार थोडे होते. म्हणून आसपासचे पाद्री बाजारपेठेच्या गांवीं ठराविक दिवशीं जमत, एकाच शास्त्रभागावर ओळीनें विवेचन करीत, आणि लोक तें ऐकत. ती पाद्र्यांची एक शाळाच होती. या सभांना 'प्रॉफेसाइंग' म्हणत. राणीला मात्र त्यांत प्युरिटनांच्या चळवळीचा वास आला. एका परगण्यास तीनचार उपदेशक पुरेत, असें तिचें मत. १५७६ सालीं तिनें कँटरबरीचा आर्चबिशप एडमंड ग्रिंडल यास सभा बंद करण्याची आज्ञा केली.

ग्रिंडल बंडखोर नव्हता. लंडनचा बिशप असतां नियम मोडणाऱ्या प्युरिटनांची चौकशी त्यानेंच केली होती. सभांतील दोष काढण्यास तो तयार होता. सभाच मोडण्यास नव्हता. डिसेंबरांत त्यानें राणीस दीर्घ पत्र लिहिलें. देवाला दुखविण्यापेक्षां राणीला दुखविणें आपण पत्करूं; राणीनेंहि आपण मर्त्य आहों हें विसरूं नये; आणि पद काढून घ्यावयाचें असल्यास तें आपण नम्रपणें सोडूं, असा त्याचा आशय होता.

१५७७ च्या मे महिन्यांत राणीनें बिशपांस परभारें हुकूम पाठवून सभा बंद करविल्या. ग्रिंडलचे अधिकार काढून घेऊन त्यास लॅम्बेथच्या वाड्यांत अडकवून ठेविलें. राणीची मर्जी त्याजवर पुन्हां बसली नाहीं. त्याची दृष्टि गेली, आणि ६ जुलै १५८३ रोजीं त्याचा अंत झाला. त्याच्या जागीं आलेल्या व्हिटगिफ्टनें पाद्र्यांकडून सक्तीनें सह्या मागितल्या, तेव्हां शेंकडोंनीं प्रथम त्या नाकारल्या. जी तेढ ग्रिंडल मिटवूं पाहत होता, ती अशी वाढतच गेली.

ग्रिंडल हरला, हें आम्ही लपवीत नाहीं. पण आमच्या तरुण वाचकांनीं त्याची रीत ध्यानांत धरावी. त्यानें पाठीमागें कुजबूज केली नाहीं, निनांवी पत्रक काढलें नाहीं; ज्याला नकार द्यावयाचा त्यालाच आदरानें लिहिलें, खालीं आपलें नांव घातलें, आणि परिणामाची वाट पाहत घरीं बसला.