नऊ लिटर पाण्याचा हिशेब

पाणी, चहा, ताक, आमटी असं सगळं मिळून दिवसाकाठी आपल्या पोटात साधारण २ लिटर द्रव जातो. आतड्यात मात्र रोज उतरतो जवळपास ९ लिटर. वरचे ७ लिटर शरीर स्वतःच ओततं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याच्या अस्तरातला पाझर. शौचावाटे बाहेर जातं ते शे-दोनशे मिलिलिटर; बाकीचं सगळं पुन्हा रक्तात. पचन म्हटलं की अन्नच डोळ्यांपुढे येतं, पण मला पाण्याची ही ने-आण त्याहून थोर वाटते.

भाकरीतला स्टार्च तोंडातल्या लाळेनेच फुटू लागतो. सुमारे २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतले स्नायू घास खाली ढकलतात. आडवं पडून गिळलं तरी तो जठरात पोहोचतो. जठर तो घुसळतं, आम्लाने बहुतेक जंतू मारतं, प्रथिनं फोडायला घेतं. शोषण मात्र तिथे फारसं होत नाही.

ते काम लहान आतड्याचं. काही मीटरच्या या नळीला आतून मखमलीसारखं अस्तर असतं: वळ्या, वळ्यांवर जेमतेम मिलिमीटरभर उंचवटे, उंचवट्यांवरच्या पेशींना त्याहून बारीक केसाळ कड. या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. त्यांच्यावरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये ही कल्पना मांडली.

पटकीचं विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं. ते विषच आहे हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण सोडियम-ग्लुकोजची वाट या आजारातही शाबूत राहते. १९७१ साली, बांगलादेश युद्धाच्या काळात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपात भरलं आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आला. डॉक्टरांच्या हातातला उपचार आईच्या हाती देण्याचं हे धाडस मला त्या मिश्रणाइतकंच मोलाचं वाटतं.

हीच आपली जलसंजीवनी. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचाच हवा. लेकराला गोड लागावं म्हणून साखर वाढवू नका: जास्तीची साखर उलट रक्तातलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. थंड पेयांचंही तेच. मीठ जास्त झालं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर घोट-घोट पाजत लगेच दवाखाना गाठायचा.