परभृत

चैत्राची चाहूल लागते न लागते तोच आमच्या वडोदऱ्यात सयाजीबागेतील वड-पिंपळांवरून कोकिळाचा पुकारा सुरू होतो. दांडिया बाजारातील माझ्या दवाखान्यामागे एक जुना कडुनिंब आहे. तीस वर्षांहून अधिक काळ स्टेथोस्कोपच्या नळीतून येणाऱ्या ठोक्यांबरोबर या झाडावरचा तो चढत जाणारा 'कुहू'ही मी ऐकत आलो. या पक्ष्याविषयी लिहावे असे वाटण्यास मात्र त्याचे गाणे कारणीभूत नाही. एकदा त्याच्या नावाने माझ्या तोंडून एक वाक्य गेले, ते अद्याप मनात सलते आहे. ते पुढे सांगेन. आधी पक्ष्याची ओळख.

प्रथम एक दुरुस्ती. आपण 'कोकिळा गाते' असे म्हणतो, गोड गळ्याच्या गायिकेस 'गानकोकिळा' ही पदवी देतो, आणि आमच्या गुजरातेत तर घरोघरी एखादी कोकिलाबेन असते. निसर्गात मात्र गातो तो नर. काळाकुळकुळीत, अंगावर निळसर झाक असलेला आणि गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा तो कोकिळ. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात. तिच्या गळ्यातून येते ती नुसती 'किक्-किक्' अशी किरकिर. दोघांना शेजारी बसवले तर ते एकाच जातीचे आहेत यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसू नये. गाणारा पानांआड दडलेला असतो आणि आपण आवाजावरूनच निदान करून मोकळे होतो. आपल्या व्यवसायातही असे घडत नाही का?

आहाराच्या बाबतीत तो मुख्यतः फळांवर जगणारा. वड, पिंपळ, उंबर ही त्याची आवडती झाडे. डॉक्टरमंडळींना विशेष वाटावे ते असे, की पिवळ्या कण्हेरीची फळेही हा पक्षी खातो. त्या कण्हेरीच्या बियांनी हृदयाचे ठोके मंदावलेले रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी रात्र-रात्र जागून सांभाळले आहेत.

आता ज्यामुळे तो बदनाम झाला त्या सवयीकडे वळू. कोकिळ पक्षी घरटे बांधत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस कावळ्यांची वीण सुरू होते, तेव्हाच कोकिळेचीही होते. नर कावळ्यांच्या समोर जाऊन त्यांना डिवचतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी रिकाम्या घरट्यात अंडे घालून निसटते, असे निरीक्षकांनी नोंदविले आहे. अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण रंग आणि ठिपके पुष्कळसे तसेच. कावळ्याचे अंडे उबण्यास १६-१७ दिवस लागतात, तर कोकिळेचे १३-१४ दिवसांतच फुटते. एवढ्या आघाडीवर पाहुणे पिल्लू चोचीतला पहिला घास मिळवते आणि कावळ्याची उशिरा जन्मलेली पिल्ले पुष्कळदा उपासमारीने मरतात. तथापि कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी किंवा पिल्ले ढकलून देत नाही. कावळ्याच्या पिल्लांसह ते वाढल्याची उदाहरणेही आढळतात. अंडे घातल्यावर आई कायमची पाठ फिरवते हेदेखील सर्वस्वी खरे नाही. कावळ्याच्या घरट्यातील आपल्या पिल्लास कोकिळेने भरविल्याच्या काही नोंदी आहेत.

घरट्यातून पिल्ले ढकलून देणारा तो युरोपातील कुक्कू. हे सत्य शोधून काढणारा माणूस आपल्याच व्यवसायातला होता. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली गावी एडवर्ड जेन्नर नावाचे शल्यचिकित्सक राहत. यजमान पक्ष्याची पिल्ले घरट्याबाहेर पडतात ती त्यांच्या आईबापांनीच टाकलेली असतात, अशा समजुतीवर आधारलेला लेख त्यांनी रॉयल सोसायटीकडे पाठविला होता. पुढे १७८७ च्या जून महिन्यात हेज-स्पॅरो या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यात त्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते वेगळेच होते. कुक्कूचे नुकते जन्मलेले, डोळेही न उघडलेले पिल्लू शेजारच्या पिल्लास पाठीवर घेई, पाठमोरे घरट्याच्या काठापर्यंत चढे आणि ओझे बाहेर ढकलून देई. जेन्नरनी घरट्यात अंडे ठेवून पाहिले. त्याचीही तीच गत झाली. पिल्लाच्या पाठीवर ओझे बसेल असा खळगा असतो आणि सुमारे बाराव्या दिवशी तो भरून येतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी पहिला लेख मागे घेतला, नवा लिहिला. आपले गुरू जॉन हंटर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपाने तो १७८८ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. देवीच्या लसीचा पहिला प्रयोग त्यानंतरचा, १७९६ सालचा.

या निरीक्षणावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. आंधळे पिल्लू असे काही करील हे पटणे कठीणच होते. लसीच्या विरोधकांनी तर पुढे कुक्कूचा दाखला देऊन जेन्नरनाच खोटे ठरवू पाहिले. १८७० च्या दशकात स्कॉटिश चित्रकर्त्री जेमायमा ब्लॅकबर्न यांनी तेच दृश्य डोळ्यांनी पाहून चितारले, तेव्हा कोठे शंका ओसरू लागल्या. मला या कथेत लसीइतकेच मोल वाटते ते मागे घेतलेल्या त्या पहिल्या लेखाचे.

आपल्या लोकजीवनात या कुळातील पक्ष्यांना मानाचे स्थान आहे. मृगाच्या आधी शिवारात ओरडणारा पावशा मराठी शेतकऱ्यास 'पेर्ते व्हा' असे बजावतो. हिंदी भाषकांस तोच 'पी कहाँ' विचारताना ऐकू येतो. उन्हाळ्याच्या रात्री त्याच्या चढत्या आवाजाने हैराण झालेल्या इंग्रजांना मात्र त्यात 'ब्रेन-फीवर' ऐकू आला आणि त्यांनी त्याचे तेच नाव ठेवले. पावसाचे थेंबच तेवढे पिणारा, अशी कविसंकेताने ख्याती पावलेला चातक याच कुळातला. हे दोघेही आपली अंडी सातभाईंसारख्या पक्ष्यांच्या घरट्यात घालतात. याच कुळातील भारद्वाज मात्र स्वतः घरटे बांधून पिल्ले वाढवतो. त्याचे दर्शन आपण शुभ मानतो.

अधिक आषाढ येतो त्या वर्षी स्त्रिया कोकिळाव्रत करतात. दक्षयज्ञानंतर सती कोकिळा झाली अशी त्यामागील कथा. कोकिळेचा स्वर कानी पडल्यावाचून अन्न घ्यायचे नाही असा नेम. २०१५ साली माझ्या एका मधुमेही रुग्ण आजींनी तो धरला होता. पावसाळा सरत चालला की कोकिळाचे गाणे विरळ होते. आजींची साखर उतरू लागे. अखेर त्यांचा नातू गच्चीवर जाऊन शीळ घालू लागला. आजींनी ते ओळखले नसेल असे मला वाटत नाही.

संस्कृत भाषेने कोकिळास 'परभृत' म्हटले, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. या शब्दाचा बोचरा उपयोग कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पाचव्या अंकात आहे. तपोवनात वाढलेल्या या मुलीस कपट ठाऊक नाही, असे गौतमी सांगते. त्यावर दुष्यंत उत्तर देतो, की स्त्रीजातीला कपट शिकवावे लागत नाही. कोकिळा आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतेच ना? हे तो कोणास ऐकवतो आहे? शकुंतला स्वतःच परभृत. मेनकेने टाकलेल्या त्या अर्भकाचे रक्षण शकुंत पक्ष्यांनी केले म्हणून तिचे नाव शकुंतला, असे महाभारत सांगते; आणि तिला पोसले कण्वांनी. राजाने भर सभेत तिच्या जन्माचीच जखम उघडी केली होती.

हा अंक महाविद्यालयात वाचलेला असूनही माझ्याकडून तीच चूक घडली. वीस-एक वर्षांपूर्वी एक मराठी दांपत्य आपल्या दत्तक मुलास घेऊन माझ्याकडे येई. एके दिवशी सोबत घरातल्या वडीलधाऱ्या आजी होत्या. खोकणाऱ्या त्या पाच वर्षांच्या मुलाकडे बघत त्या म्हणाल्या, "कावळीणीनं कोकिळेचं पोर वाढवावं, तसं चाललंय हो डॉक्टर आमच्या सूनबाईंचं." मी हसलो आणि वर म्हणालो, "मग आजी, पोरगं गोड गाईल तरी!" सूनबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी तपासणीस त्या मुलाला घेऊन एकट्याच आल्या. निघताना दाराशी थांबून त्यांनी विचारले, "डॉक्टर, याच्या केसपेपरवर आई म्हणून माझंच नाव आहे ना?"

मी होय म्हणालो. क्षमा मागण्यास मात्र मला पुढल्या खेपेपर्यंत धीर झाला नाही.

पक्ष्याच्या सवयीवरून माणसाच्या नात्यास नाव ठेवण्यात मूळ चूक आहे, हे मला त्या दिवशी उमगले. कोकिळा कपटी नाही आणि कावळीण भोळी नाही; लक्षावधी वर्षांच्या जगण्याच्या धडपडीतून दोघींची वागणूक घडली आहे. कावळीण आपलेच समजून दुसऱ्याचे पिल्लू वाढवते. त्या माउलीने मूल दुसऱ्याचे आहे हे पुरते जाणून ते आपले म्हटले होते. या दोन गोष्टी एका तराजूत घालणारे आम्ही दोघे, आजी आणि मी, चुकलो होतो.

तो मुलगा आता नोकरीस लागला आहे. दर तीन महिन्यांनी आईला रक्तदाब तपासण्यासाठी घेऊन येतो. तिच्या गोळ्यांची यादी त्याच्या खिशात असते आणि कोणती गोळी चुकली, हे आईच्या आधी तोच सांगतो. मागल्या चैत्रात दोघे बाकावर बसले असता कडुनिंबावरून कुहूकार आला. "कोकिळा आली वाटतं," आई म्हणाली. मी नेहमीच्या सवयीने दुरुस्ती करणार होतो, की गातो तो नर असतो. त्या दिवशी मात्र गप्प राहिलो आणि पट्टा बांधण्यासाठी त्यांचा हात पुढे घेतला.